एमसीबी होता, स्टार्टर होता, तरी मोटर जळाली कशी?

पावसाळा लागला की रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून देणाऱ्या, दुकानांबाहेर मोटरींची रांग लागते. पिठाच्या गिरणीची, मसाला कांडपाची, विहिरीवरची, एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या शेडमधली. आणि प्रत्येक मालकाचा प्रश्न तोच, की अहो नवा एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) टाकला होता, चांगल्या कंपनीचा स्टार्टर (मोटर चालू-बंद करणारी पेटी) होता, मग मोटर जळाली कशी? मग कोणी मोटरच्या कंपनीला शिव्या घालतो, कोणी महावितरणला, आणि रिवाइंडिंगवाला गप्प बसून पैसे मोजतो कारण त्याचा धंदा त्यावरच चाललाय.

मोटर मुळातच बिघडलेली निघणं हे फार कमी वेळा होतं. बहुतेक मोटरी चुकीच्या जोडणीने नाहीतर चुकीच्या सेटिंगने मरतात. तेव्हा एकच उदाहरण धरून चालू, गिरणीची १० एचपीची थ्री फेज, म्हणजे तीन जिवंत वायरींवर चालणारी, मोटर. तुमची ५ ची असो की ३० ची, आकडे बदलतील, हिशोब तोच राहील. आणि हे वाचून कोणी स्वतः वायरी जोडायला बसू नका, का ते पुढे सांगतोच, पण वायरमन काय करतोय ते कळलं पाहिजे म्हणून हा प्रपंच.

आधी ती पत्र्याची पट्टी वाचा

मोटरच्या अंगावर एक नेमप्लेट असते, रंगाखाली किंवा पिठाखाली गाडली गेलेली. ती पुसून फोटो काढून ठेवा, कारण पुढचा सगळा खेळ त्यातल्या तीन-चार आकड्यांवर आहे. आपल्या १० एचपीच्या मोटरवर ७.५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, साधारण १४ अँपच्या आसपासचा करंट आणि १४४० च्या जवळपास आरपीएम लिहिलेलं सापडेल. एक एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट, आणि थ्री फेजला एका एचपीला साधारण दीड अँप हा वायरमन लोकांचा तोंडी हिशोब, तो बऱ्यापैकी जमतो पण सेटिंग करताना नेमप्लेटचाच आकडा घ्यायचा.

हा जो १४ अँप आहे त्याला फुल लोड करंट म्हणतात. म्हणजे मोटर तिच्या पूर्ण ताकदीने दिवसभर चालली तरी एवढा करंट खाऊन ती सुखरूप राहील असं कंपनी सांगतेय. त्याच्यावर गेली की आतलं वाइंडिंग तापायला लागतं. वाइंडिंग म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी, तिच्यावर वार्निशचा पातळ थर असतो, तो थर वितळला की तार तारेला चिकटते आणि खेळ खल्लास. जाणकारांचा एक ढोबळ नियम आहे, वाइंडिंग ठरवून दिलेल्या तापमानापेक्षा सतत १० डिग्री जास्त तापत राहिलं तर इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून मोटर एका दिवसात जळाली असं दिसलं तरी बऱ्याचदा ती सहा महिने हळूहळू भाजत असते.

४१५ व्होल्टच्या पुढे बहुतेक प्लेटवर अधिक-उणे १० टक्के असं लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण ३७५ ते ४५५. आता संध्याकाळी तुमच्या गावात ३४० येत असेल तर मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे ३४० ला दोन तृतीयांश जोर उरतो. दळण तेवढंच, जोर कमी, मग मोटर तो भरून काढायला जास्त करंट ओढते आणि तापते. यात मोटरचा काय दोष?

सुरुवातीचा धक्का

भरलेली हातगाडी तिघं मिळून ढकलतायत असं समजा. जागची हलवायला जीव काढावा लागतो, एकदा चाकं फिरली की तेवढा जोर लागत नाही. थ्री फेज मोटरचंही तसंच, थेट सप्लाय दिला की पहिले काही सेकंद ती फुल लोडच्या सहा-सात पट करंट ओढते. १४ अँपची मोटर ८५ ते १०० अँप! वेग आला की करंट खाली येतो. थेट सप्लाय देणाऱ्या स्टार्टरला डीओएल म्हणतात, छोट्या मोटरींना तोच लावतात.

इथेच एमसीबीची गोची होते. मोटरला १४ अँप लागतात म्हणून वायरमनने १६ चा एमसीबी लावला तर सुरू करतानाच तो पडतो, कारण साधा सी कर्व्हचा (कर्व्ह म्हणजे किती पट धक्क्याला उडायचं त्याचा प्रकार) एमसीबी त्याच्या रेटिंगच्या पाच ते दहा पटीत कुठेही ताबडतोब उडू शकतो. १६ चा म्हणजे ८० ते १६० अँपमध्ये, आणि आपल्या मोटरचा धक्का नेमका तिथेच बसतो. मग वायरमन ३२ चा लावतो. बरोबरच करतो. जास्त शहाणा असेल तर डी कर्व्हचा लावतो, तो असा धक्का सहन करायलाच बनवलेला असतो.

मग तो ३२ चा एमसीबी नक्की कोणाला वाचवतो?

वायरला. कुठे शॉर्ट झालं, वायरीतून शेकडो अँप धावले, तर वायर पेटायच्या आत तो सप्लाय तोडतो. मोटरशी त्याला काही देणंघेणं नाही. दगडात खडा अडकला, बेअरिंग जॅम झालं, मोटर १४ ऐवजी २० अँपवर अर्धा तास चालली, तरी एमसीबी म्हणेल २० तर २०, माझी लिमिट ३२ आहे. मोटर आतून भाजून निघते आणि एमसीबी शांतपणे वर उभाच.

मोटरला वाचवायचं काम ओव्हरलोड रिलेचं. स्टार्टर उघडलात तर काँटॅक्टरच्या खाली चिकटलेली छोटी डबी दिसेल, त्यावर एक गोल डायल असते, ती ही रिले. काँटॅक्टर म्हणजे कॉईलने ओढला जाणारा मोठा स्विच. रिलेच्या आत प्रत्येक फेजला एक दुहेरी धातूची पट्टी, करंट जास्त झाला की पट्टी तापून वाकते आणि एक बारीक काँटॅक्ट उघडते. त्यामुळे काँटॅक्टरच्या कॉईलचा सप्लाय तुटतो, काँटॅक्टर सुटतो, मोटर थांबते. पट्टीला तापायला वेळ लागतो म्हणूनच सुरुवातीच्या धक्क्याला ती उडत नाही, आणि म्हणूनच मोटरला ती योग्य आहे.

तर एमसीबी वायरसाठी, रिले मोटरसाठी. आणि माणसासाठी? त्याच्यासाठी या दोघांतलं कोणीच नाही, तिसरी वेगळी व्यवस्था लागते, तिथे येतो जरा वेळाने.

"एक फेज गेला तर मोटर बंद पडायला पाहिजे ना?"

नाही पडत, आणि पावसाळ्यातल्या त्या रांगेतल्या बऱ्याच मोटरी याच्याच असतात. पोलवरचा एक फ्यूज गेला, जंपर सुटला, किंवा तुमच्याच मेन स्विचमधला एका फेजचा काँटॅक्ट कार्बन धरून बसला. तिघांतला एक गाडी सोडून गेला. गाडी उभी असती तर उरलेल्या दोघांना ती हललीच नसती, मोटरही एक फेज नसताना सुरू करायला गेलात तर नुसती घूं घूं करते आणि फिरत नाही. पण चालत्या गाडीतून एक गेला तर गाडी चालत राहते, फक्त दोघांचे दंड भरून येतात. लोड तेवढाच असेल तर उरलेल्या दोन फेजमध्ये करंट सुमारे १.७३ पट होतो, म्हणजे १४ चे २४ अँप. ३२ चा एमसीबी अर्थातच ढुंकून बघत नाही.

काँटॅक्टरला तरी कळेल? त्याची कॉईल बहुतेक वेळा दोन फेजवर असते. त्या दोघांतला गेला तर काँटॅक्टर सुटतो, नशीब चांगलं. तिसराच गेला तर त्याला पत्ताच नाही. आणि आणखी एक गंमत, चालत्या मोटरीच्या त्या मेलेल्या फेजवर टेस्टर लावून बघितला तर दिवा लागतो, व्होल्टमीटर पण बऱ्यापैकी व्होल्टेज दाखवतो, कारण फिरणारी मोटर स्वतःच तिथे व्होल्टेज तयार करून परत पाठवते. यामुळेच नुसतं व्होल्टेज बघणारा स्वस्तातला सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र, कधी कधी फसतो. तिन्ही वायरींमधला करंट बघणारा घ्या, थोडा महाग असतो पण रिवाइंडिंगच्या एका बिलापुढे काहीच नाही. आजकालच्या बऱ्याच ओव्हरलोड रिलेमध्ये पण फेज गेल्याचं ओळखायची सोय असते, फक्त सेटिंग नीट केलेलं पाहिजे.

जळालेली मोटर उघडली की हे उघड दिसतं. पुढच्या वेळी रिवाइंडिंगवाल्याला सांगा की मला दाखवल्याशिवाय कॉईल तोडू नका. सगळं वाइंडिंग सारखं काळं पडलं असेल तर ओव्हरलोड, किंवा पंखा बंद पडून थंड व्हायचं थांबलं असेल. डेल्टात जोडलेल्या मोटरीत (डेल्टा आणि स्टार या जोडणीच्या दोन पद्धती, पुढे येतातच) एक फेज गेला असेल तर एकाच फेजचे ग्रुप कोळशासारखे काळे आणि मधले दोन फेजचे तांब्याच्या रंगाचे, जवळपास नवे, असा ठरावीक अंतराने पट्ट्यापट्ट्यांचा नक्षा दिसतो. स्टारमध्ये जोडलेली असेल तर उलट, दोन फेज काळे आणि एक स्वच्छ. हे बघितल्यावर मोटरच्या कंपनीशी भांडायला जाऊ नका, आधी मेन स्विच उघडून बघा.

त्या तीन पितळी पट्ट्या

मोटरच्या टर्मिनल बॉक्सचं झाकण उघडलं की सहा बोल्ट दिसतात, तीन-तीनच्या दोन ओळी. एका ओळीत यू१, व्ही१, डब्ल्यू१ आणि दुसरीत डब्ल्यू२, यू२, व्ही२, याच क्रमाने, त्यात चूक नाहीये, क्रम मुद्दाम तसा ठेवलाय. सोबत तीन छोट्या पितळी पट्ट्या. उभ्या लावल्या की डेल्टा, आणि यू२ व्ही२ डब्ल्यू२ ची ओळ आडवी जोडून टाकली की स्टार.

स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला २४० व्होल्ट मिळतात, डेल्टात पूर्ण ४१५. आपल्याकडे साधारण ३ एचपीपर्यंतच्या मोटरी ४१५ ला स्टारमध्ये चालायच्या असतात आणि ५ च्या पुढच्या डेल्टात, पण अंदाज करत बसू नका, नेमप्लेटवर किंवा झाकणाच्या आत आकृती असते. ३ एचपीची स्टारवाली डेल्टात जोडली तर प्रत्येक वाइंडिंगला झेपत नाही एवढं व्होल्टेज आणि काही मिनिटांत धूर. उलटं केलं, १० एचपीची डेल्टावाली नुसती स्टारमध्ये ठेवली, तर धूर लगेच येत नाही, ती रिकामी छान फिरते, दळण टाकलं की दम टाकते आणि तापून तापून मरते.

आता १० एचपीला सहसा स्टार-डेल्टा स्टार्टर लावतात. सुरुवात स्टारमध्ये, वेग आला की टायमर डेल्टात टाकतो. स्टारमध्ये लाईनचा करंट एक तृतीयांश होतो, म्हणजे ८५ चे २८-३०, लाईट डिम होत नाही, शेजारी भांडायला येत नाहीत. पण जोरही एक तृतीयांशच असतो! म्हणून दगड मोकळे ठेवून सुरू करा, डेल्टा पडल्यावर दळण सोडा. हॉपर भरून दगड आवळून सुरू केलंत तर मोटर स्टारमध्ये रडत राहील आणि मग डेल्टा पडताना पूर्ण धक्का बसेल, म्हणजे स्टार-डेल्टाला दिलेले पैसे वाया.

या स्टार्टरपासून मोटरपर्यंत तीन नाही, सहा वायरी जातात. आणि तेव्हा त्या पितळी पट्ट्या काढून टाकायच्या असतात, तिन्ही. हे जो विसरतो त्याच्यासमोर स्टार्ट बटण दाबल्याबरोबर स्फोट होतो, खरंच स्फोट, कारण उभ्या पट्ट्यांनी यू१ आणि डब्ल्यू२ आधीच जोडलेले, तसंच बाकीचे दोन, आणि स्टारचा काँटॅक्टर खालच्या तिन्ही टोकांना एकत्र बांधतो, म्हणजे थेट तीन फेज एकमेकांना भिडले. सहा वायरींवर नंबरचे फेरूल, म्हणजे वायरीवर चढवायच्या छोट्या नळ्या, घालायला सांगा, दोन रुपयांची वस्तू आहे. पुढच्या वेळी मोटर काढून परत लावणारा वायरमन वेगळा असतो.

"सारखी ट्रिप होते म्हणून सेटिंग वाढवलं"

याच्यावर वायरमनशी माझं नेहमी वाजतं. डीओएल स्टार्टर असेल तर रिलेची डायल नेमप्लेटच्या करंटवर, १४ ला १४. स्टार-डेल्टाचं तसं नाही. आपल्याकडच्या बहुतेक स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले अशा जागी असते की तिच्यातून लाईनचा पूर्ण करंट जातच नाही, फक्त वाइंडिंगचा जातो, जो लाईनच्या ०.५८ पट असतो. म्हणजे १४ च्या मोटरला सेटिंग ८.१ हवं. कित्येक ठिकाणी डायल १४ वर असते, नेमप्लेट बघून प्रामाणिकपणे केलेली! मग ती रिले उडणार कधी, तर लाईनचा करंट २४ च्या पुढे गेल्यावर. वर एक फेज गेल्यावरचा आकडा काय आला होता आठवतोय? तोच. म्हणजे रिले आहे, दिसते, बिल पण आहे, आणि उपयोग शून्य. रिले नक्की कुठल्या जागी बसवलीय ते स्टार्टरच्या झाकणातल्या आकृतीत कळतं, कंपनीच्या कागदात ०.५८ चा उल्लेख असतो, तो कागद बहुधा पुठ्ठ्याबरोबर रद्दीत गेलेला असतो ती गोष्ट वेगळी.

बरोबर सेटिंगला ट्रिप होत असेल तर मोटर काहीतरी सांगतेय. पट्टा फार आवळलाय का, व्होल्टेज पडतंय का, दगड टाकी मागतोय का, पुलीचं माप बदललंय का. क्लॅम्प मीटरने तिन्ही वायरींचा करंट मोजा. एका फेजचा १३ आणि दुसऱ्याचा १७ दिसला तर सप्लायचं व्होल्टेज तिन्ही फेजला मोजा, व्होल्टेजमध्ये दोन टक्के असमतोल असला तरी करंटमध्ये तो सहा ते दहा पट मोठा दिसतो. आणि रिलेचा तो बारीक काँटॅक्ट वायरच्या तुकड्याने बायपास करणारे पण बघितलेत, त्यांना माझा नमस्कार.

अर्थिंग: खड्डा खणला, मीठ-कोळसा टाकला, झालं?

आता माणसाचं. मोटरच्या आत इन्सुलेशन फाटलं आणि एक फेज लोखंडी बॉडीला चिकटला तर बॉडीवर २४० व्होल्ट येतात, मोटर मात्र बहुतेक चालूच राहते. ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस तिला टेकला की करंट त्याच्यातून जमिनीत. साधारण १० ते १५ मिलिअँपला स्नायू आखडून हात सुटत नाही, म्हणजे एका अँपचा शंभरावा हिस्सा. त्यापुढे जीव जायला फार लागत नाही.

म्हणून बॉडी जाड तारेने जमिनीला जोडायची, ही अर्थिंग. थ्री फेज मोटरला एक नाही, दोन वेगवेगळ्या अर्थ जोडण्या लागतात, नियमच आहे तो, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत आणि आधीच्या १९५६ च्या नियमांत पण होता. अर्थिंगसाठी भारतीय मानक आहे आयएस ३०४३. मोटरवर एक अर्थ बोल्ट टर्मिनल बॉक्समध्ये आणि एक बाहेर बॉडीवर असतो. दोन्हीला स्वतंत्र तार, थिंबल मारून, आणि बोल्टखालचा रंग खरवडून. रंगावर आवळलेली अर्थिंग ही फोटो काढायच्या कामाची.

पण खरी मेख पुढे आहे. समजा तुमच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स ५ ओहम आहे आणि ट्रान्सफॉर्मरकडचा १ ओहम. बॉडीला फेज चिकटला तर करंट येईल २४० भागिले ६, म्हणजे ४० अँप. ३२ चा एमसीबी ४० अँपला लगेच पडत नाही, तासभर लागू शकतो, कदाचित पडणारही नाही. आणि तोपर्यंत बॉडीवर ४० गुणिले ५ म्हणजे दोनशे व्होल्ट उभे! उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की परिस्थिती आणखी वाईट. त्यामुळे "आमच्याकडे अर्थिंग आहे" एवढ्यावर निश्चिंत राहू नका. आरसीसीबी लावा. जेवढा करंट गेला तेवढा परत येतोय का, एवढंच तो बघत बसतो, मधल्यामध्ये गळती ३० मिलिअँपपर्यंत गेली की क्षणात तोडतो. थ्री फेजला फोर पोल, म्हणजे तीन फेज आणि न्यूट्रल चारही तोडणारा, मिळतो. जुन्या, ओल धरलेल्या मोटरींवर ३० चा सारखा उडतो म्हणून मोठ्या युनिटमध्ये १०० किंवा ३०० चा लावतात, तो आगीपासून वाचवायला ठीक, माणसासाठी ३० चाच. फक्त त्याच्याकडून एक अपेक्षा करू नका, दोन फेज दोन हातांत धरले तर त्याला काही कळत नाही.

न्यूट्रललाच बॉडी जोडून देणारे महाभाग आहेत. "शेवटी न्यूट्रल पण जमिनीलाच जातो ना" हे त्यांचं लॉजिक. पोलवर न्यूट्रल तुटला, वादळात तुटतोच, की तुमच्या शेडमधल्या सगळ्या सिंगल फेज बल्ब-पंख्यांमधून आलेला फेज त्या न्यूट्रलवाटे मोटरच्या बॉडीवर येऊन बसतो. मोटर बंद असताना सुद्धा.

पाया, पट्टा वगैरे

यावर थोडक्यात, कारण मेकॅनिकल लोक हे सहसा नीट करतात. पाया सपाट पाहिजे, चारपैकी एक पाय हवेत राहून बोल्टने ओढून बसवला तर मोटरची बॉडी पिळली जाते आणि बेअरिंग कुरकुरतं, तिथे पातळ पत्र्याची शिम घाला. पुली हातोड्याने ठोकून बसवू नका, प्रत्येक ठोका बेअरिंगच्या गोळ्यांवर बसतो. दोन्ही पुल्या दोरी लावून एका रेषेत. पट्टा अति आवळू नका. मागच्या पंख्याच्या जाळीपासून भिंत थोडी लांब ठेवा आणि गिरणीत तर ती जाळी रोज पिठाने बुजते, रोज झाडा, मोटर तिथूनच श्वास घेते. टर्मिनल बॉक्समध्ये केबल ग्लँडमधूनच आत गेली पाहिजे आणि रिकामं भोक बुच लावून बंद, नाहीतर आत पीठ, पाली आणि पावसाचं पाणी. पट्ट्यावर जाळीचं गार्ड हवंच, कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २१ मध्ये पण फिरत्या भागांना कुंपण घालायचं सांगितलं होतं. तुमची गिरणी अशा कायद्यात बसत नसली तरी साडीचा पदर आणि पट्टा यांना कायदा कळत नाही.

"लाईट आली की आपोआप सुरू व्हायला पाहिजे"

पुश बटणाच्या स्टार्टरची एक मोठी सोय लोकांना कटकट वाटते. लाईट गेली की काँटॅक्टर सुटतो आणि लाईट आल्यावर कोणी हिरवं बटण दाबल्याशिवाय परत लागत नाही. ही कटकट मुद्दाम ठेवलेली आहे. लाईट गेलीय म्हणून कोणी पट्टा सरळ करायला हात घातला आणि तेवढ्यात लाईट आली तर? शेतपंपावर लोक ऑटो स्विच लावतात, रात्री उठून विहिरीवर जावं लागू नये म्हणून, त्यांचा त्रास मला कळतो, साप-विंचवाच्या अंधारात कोण जाणार. पण लाईट येताच त्या ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सहा-सात पट करंट ओढतात, आणि ट्रान्सफॉर्मर जातो, म्हणूनच महावितरण दरवर्षी ऑटो स्विच काढा म्हणून विनवत असतं. गिरणीत, वर्कशॉपमध्ये, जिथे माणसाचा हात यंत्राजवळ आहे, तिथे तर ऑटोचा विषयच नको. रिलेवर मॅन्युअल आणि ऑटो रिसेटची खूण असते, ती पण मॅन्युअलवर ठेवा.

"यूट्यूबवर बघून मीच जोडलं तर?"

महाराष्ट्रात असं काम लायसन्स असलेल्या विद्युत ठेकेदाराकडून, परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्यायचं असतं, आणि नवीन कनेक्शन किंवा लोड वाढवताना त्याचा टेस्ट रिपोर्ट महावितरणला द्यावा लागतो. कायदा बाजूला ठेवला तरी ४१५ व्होल्ट घरच्या बोर्डासारखे नाहीत, टर्मिनलवर पाना घसरून दोन फेज भिडले तर जो जाळ होतो त्याने तोंड-हात भाजतात, शॉक न बसताही.

काम चालू असताना तुम्ही एक गोष्ट मात्र नक्की करू शकता. मेन बंद केल्यावर तिथे कुलूप घाला आणि किल्ली मोटरवर काम करणाऱ्याच्या खिशात. "अरे बंद आहे बघ" असं ओरडून चालत नाही, कारण दुसऱ्या टोकाला गिऱ्हाईक दळण घेऊन आलेलं असतं. आणि वायरमन निऑनच्या टेस्टरवर एकदा बोट ठेवून "डेड आहे" म्हणाला तर त्याला मीटर लावायला सांगा, आधी चालू जागी लावून मीटर दाखवतोय ना ते बघायचं, मग बंद केलेल्या तिन्ही फेजवर, मग परत चालू जागी. कॅपॅसिटर बसवलेला असेल तर सप्लाय तोडल्यावरही त्यात चार्ज असतो, काही मिनिटं थांबून, डिस्चार्ज झाल्याची खात्री करूनच हात लावायचा.

पहिल्यांदा चालू करताना

मोटर नवी असो की रिवाइंड होऊन आलेली, वायर जोडायच्या आधी ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधला रेझिस्टन्स मोजायचा. एक मेगाओहमच्या खाली असेल तर सप्लाय देऊच नका, ओल आहे, आधी वाळवा. चांगल्या कोरड्या मोटरीला तो याच्या कितीतरी वर असतो. पावसाळ्यात दोन महिने बंद पडून राहिलेल्या मोटरीला तर हे हमखास करा, कारण अशा कितीतरी मोटरी पहिल्या बटणालाच जातात.

मग पट्टा न चढवता स्टार्ट बटण दाबून लगेच स्टॉप दाबायचं आणि शाफ्ट कुठल्या दिशेला फिरतोय ते बघायचं. उलटा असेल तर येणाऱ्या सप्लायच्या कुठल्याही दोन फेजची अदलाबदल केली की सरळ होतो. स्टार-डेल्टात मात्र ही अदलाबदल स्टार्टरच्या आधीच्या बाजूला करा, मोटरकडच्या सहा वायरींत हात घालू नका, तिथे एक चुकली की स्टारमध्ये नीट फिरणारी मोटर डेल्टा पडताच झटका देईल आणि तुम्ही शोधत बसाल.

नंतर पट्टा चढवून, दळण घालून, पूर्ण लोडवर तिन्ही फेजचा करंट मोजायचा आणि तो स्टार्टरच्या दाराच्या आतून मार्करने तारखेसकट लिहून ठेवायचा, शेजारी रिलेचं सेटिंग. एक फेज गेल्यावर प्रिव्हेंटर खरंच उडतो का ते पण त्याच दिवशी वायरमनकडून करून घ्या, सप्लाय बंद करून एक फ्यूज काढायचा आणि परत चालू करून बघायचं, काही सेकंदात स्टार्टर सुटला पाहिजे. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा. आणि साधारण महिन्याभराने मेनला कुलूप घालून टर्मिनलचे नट परत एकदा आवळून घ्या, कारण गरम-थंड होऊन ते सैल पडतात, सैल नट तापतो, तापून वायर जळते आणि एक फेज जातो, यावेळी पोलवर नाही तर तुमच्याच बॉक्समध्ये.